चटणी किती किलोची करायची? आईचा फायब्रोसिस आणि काहीच नक्की नसणं

पंचगंगेकाठची_लेक:

नमस्कार सगळ्यांना. वर्षभर इथं नुसतं वाचतेय, लिहितेय आज पहिल्यांदा. लांब होईल, आधीच सांगते, कारण थोडक्यात सांगता येत नाहीये.

माझी आई ६८ वर्षांची. २०२२ च्या दिवाळीनंतर कोरडा खोकला सुरू झाला, सहा-सात महिने ॲलर्जी ॲलर्जी म्हणून औषधं झाली, मग छातीच्या डॉक्टरांनी एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन) करायला लावला आणि त्यात फुप्फुसं मधाच्या पोळ्यासारखी दिसायला लागलीत असं सांगितलं. आयपीएफ. म्हणजे फुप्फुसात व्रण धरत जातात आणि ती हळूहळू कडक होतात, कारण सापडत नाही. पिरफेनिडोन नावाचं औषध चालू आहे, ते वेग कमी करतं पण झालेलं परत आणत नाही हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. आता घरी कॉन्सन्ट्रेटर आहे, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन, बसून असली की मिनिटाला २ लिटर, बाथरूमला जाऊन आली की ४ करावा लागतो.

गेल्या नोव्हेंबरमध्ये अचानक वाढलं. ११ दिवस आयसीयू, तोंडावर बायपॅपचा मास्क, म्हणजे जोरानं हवा आत ढकलणारं मशीन. पाचव्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले नातेवाईकांना बोलवून घ्या. भाऊ कॅनडातून आला, मावशी बेळगावहून आली, जिन्यावर बसायला जागा नव्हती इतकी माणसं. सगळ्यांनी आत जाऊन पाया पडून घेतलं. मी पण मनातून तिला निरोप देऊन टाकला, खरंच देऊन टाकला. आणि बाराव्या दिवशी आई घरी आली आणि म्हणाली, मला भाकरी कर, तिथली खिचडी खाऊन तोंड मेलंय.

आनंद झाला नाही असं कसं म्हणू. पण तेव्हापासून मी नेमकी कशात आहे तेच मला कळत नाही. भाऊ रजा संपवून परत गेला, आता दर रविवारी फोनवर विचारतो येऊ का आता, आणि मी काय सांगू त्याला? मशीन भाड्याचं आहे, दर महिन्याला भाडं भरताना वाटतं विकत घेतलेलं परवडलं असतं, आणि विकत घ्यायला निघालं की मनात येतं की किती महिन्यांसाठी, आणि मग स्वतःचीच किळस येते. मी शाळेत शिकवते, बिनपगारी रजा घ्यायची तर आत्ता घ्यायची की पुढं लागेल म्हणून ठेवायची? जे काही ठरवायला जावं त्याला आधी दिवसांचा आकडा लागतो आणि तो आकडाच कोणी देत नाही. डॉक्टरांना तीनदा विचारलं. एकदा म्हणाले महिने, एकदा म्हणाले वर्ष-दोन वर्ष पण जातील, एकदा नुसतंच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आणि परवा आईनं विचारलं, "यंदा चटणी किती किलोची करायची गं? मिरच्या आणाय पाहिजेत." आमच्याकडं वर्षाची चटणी, म्हणजे मसाला घातलेलं लाल तिखट, एकदाच होते, कोल्हापूर भागातल्यांना सांगायला नको. मी, माझे मिस्टर, मुलगी, तिघं पण गप्प बसलो. कोणाला काही बोलताच येईना. आईनं आमच्याकडं बघितलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

अजून एक. डॉक्टरांनी या वेळी पॅलिएटिव्ह टीमला, म्हणजे पेशंटचा त्रास कमी करायला बघणाऱ्या लोकांना, भेटा म्हणून चिठ्ठी दिली. भाऊ फोनवर चिडला, म्हणजे आता ट्रीटमेंट बंद करायची का, तू हार मानलीस का. चिठ्ठी तीन आठवडे पर्समध्येच आहे.

आणि हे कोणाला बोलले नाही ते इथं लिहिते. कधी कधी रात्री तिचा खोकला ऐकताना वाटतं की एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. मग असं वाटलं म्हणून सकाळपर्यंत झोप नाही. जे यातून गेलेत किंवा जातायत त्यांनी सांगा, कसं जगता तुम्ही हे?

घरभेट_सिस्टर:

ताई, शेवटून सुरुवात करते. तुम्हाला रात्री जे वाटतं ते मी ज्या घरांत जाते त्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरात कोणीतरी मला दाराबाहेर चप्पल घालताना हळूच सांगितलेलं आहे. आई जावी असं नाही वाटत तुम्हाला, हे टांगून राहणं संपावं असं वाटतं. दोन्ही वेगळं आहे. निरोप देऊन झाल्यावर माणूस परत आलं की मन कुठं ठेवायचं ते कळत नाही, त्यात तुमचा काही दोष नाही.

मी पुणे जिल्ह्यात पॅलिएटिव्ह होमकेअरमध्ये नर्स आहे, नऊ वर्षं. डॉक्टर आकडा का देत नाहीत ते सांगते, टाळतात म्हणून नाही. कॅन्सरमध्ये बऱ्याचदा माणूस बराच काळ बऱ्यापैकी असतो आणि शेवटचे काही आठवडे-महिने उतार स्पष्ट दिसतो. फुप्फुसाचं आणि हृदयाचं तसं नसतं. ते जिन्यासारखं असतं, एकदम दोन पायऱ्या खाली, मग एक पायरी वर, मग काही महिने तिथंच. प्रत्येक घसरण शेवटची वाटते आणि कुठली खरंच शेवटची हे ती होऊन गेल्यावरच कळतं. म्हणून नोव्हेंबरमध्ये तुमचे डॉक्टर चुकले असं मी म्हणणार नाही, आणि आज आकडा देत नाहीत तेही बरोबरच. फक्त आकडा देता येत नाही म्हणून बोलणंच थांबतं, ते व्हायला नको.

आता चिठ्ठी. पर्समधून बाहेर काढा. पॅलिएटिव्ह म्हणजे ट्रीटमेंट बंद नाही, पिरफेनिडोन चालू राहतं, छातीचे डॉक्टर तेच राहतात, आम्ही शेजारी येऊन उभं राहतो. २०१० साली अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर अभ्यास झाला होता, निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि निम्म्यांना त्यासोबत पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटाला बरं तर वाटलंच, नैराश्य कमी होतं, आणि शेवटी शेवटी जोरदार उपचार कमी घेऊनसुद्धा ते एकूणात जास्त जगले, मध्यक ११.६ महिने विरुद्ध ८.९, म्हणजे निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले. आजार वेगळा आहे, आईला तसंच होईल असं नाही म्हणत. पण "पॅलिएटिव्ह म्हणजे हार" हे तुमच्या भावाला ज्यानं कोणी सांगितलं असेल त्याला हा अभ्यास दाखवा.

घरात आजपासून करण्यासारखं. दम लागला की छोटा हातातला पंखा चेहऱ्यावर धरा, गालावर आणि नाकाजवळ गार वारा लागला की मेंदूला दम कमी झाल्यासारखा वाटतो, हे अभ्यासात दिसलेलं आहे, आणि पंखा स्वतः आईच्या हातात द्या, आपल्या हातात काहीतरी आहे हे फार मोठं असतं. समोर टेबलावर दोन उश्या ठेवून त्यावर पुढं वाकून बसवा. ऑक्सिजन चालू असताना देवाजवळचं निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी यांच्यापासून लांब, हे मी प्रत्येक घरात सांगते कारण आपल्याकडं नळी लावूनच आरती होते. ऑक्सिजनचा आकडा आपल्या मनानं वाढवायचा नाही, किती ठेवायचा ते लिहून घ्या. आणि एवढं करून पण दम राहिला तर तोंडातून अगदी कमी डोसचं मॉर्फिन देतात. नाव ऐकून घाबरू नका, दम लागण्याची जी जाणीव असते ती त्यानं उतरते. सोबत पोट साफ व्हायचं औषध सुरू करायलाच लागतं, नाहीतर बद्धकोष्ठ होतो. २०१४ मध्ये कायदा बदलल्यापासून मान्यता असलेल्या दवाखान्यात ते मिळायला पूर्वीपेक्षा सोपं आहे, तरी सगळीकडं नसतं, टीम असली की तीच सोय करते.

आईला पुन्हा जोरात दम लागला तर त्या रात्री काय करायचं, कोणाला फोन, कुठलं औषध आधी, दवाखान्यात न्यायचं का, नेलं तर मास्कपर्यंत की घशात नळी घालण्यापर्यंत, हे आत्ता ठरवा, शांतपणे, आईला विचारून. या आजारात एकदा नळी घातली की ती निघणं अवघड असतं, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. काही डॉक्टर ठराविक दिवसांची ट्रायल पण देतात, तीन-चार दिवस करून बघू, अमुक अमुक सुधारलं तर पुढं, नाहीतर त्रास कमी करण्यावर भर. तेव्हा जिन्यात उभं राहून पाच मिनिटांत ठरवावं लागत नाही.

सावली_दुपारची:

सिस्टरांचा मान ठेवून वेगळं मत लिहिते, राग नसावा. आईला विचारा, आईला सांगा हे मला पटत नाही. माझ्या बाबांना २०१७ ला त्यांच्या हार्टचं सगळं खरं खरं सांगितलं, पंपिंग २० टक्के वगैरे, ते त्या दिवसापासून अंथरुणाला खिळले. आधी दूध आणायला जायचे, बंद. पेपर बंद. चार महिन्यांत गेले. मला आजही वाटतं नसतं सांगितलं तर दिवाळी बघितली असती. आपल्या लोकांना आशा लागते. तुमची आई चटणीचं विचारतेय म्हणजे तिला जगायचंय, तिला कशाला आयसीयू नि नळीचं विचारायचं? सरळ सांगा दहा किलो करूया आई.

निवृत्त_मास्तर:

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे पेशंट. दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस, नाशिकला, सहावं वर्ष चालू आहे. ३४ वर्षं कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवलं म्हणून आधी आकड्याचं बोलतो मग बाकीचं.

आयपीएफ गुगल केलं की तीन ते पाच वर्षं असं दिसतं, तुम्ही ते नक्की वाचलं असणार आणि २०२२ पासून बोटं मोजत असणार. तो मध्यक आहे. म्हणजे निम्मी माणसं त्याच्या आत आणि निम्मी त्याच्या पलीकडं, आणि पलीकडची निम्मी किती पलीकडं याबद्दल तो आकडा एक शब्द बोलत नाही. त्यातले बरेच आकडे आत्ताची औषधं येण्याआधीच्या पेशंटचे पण आहेत. स्टीफन जे गूल्ड म्हणून अमेरिकन शास्त्रज्ञ होते, १९८२ मध्ये त्यांना पोटातला एक दुर्मिळ कॅन्सर निघाला ज्याचा मध्यक आठ महिने होता, ते त्यानंतर २० वर्षं जगले आणि गेले ते दुसऱ्याच कॅन्सरनं. तुमच्या आईचं असं होईल असं मी अजिबात सांगत नाही. एवढंच सांगतो की मध्यक हा हजार माणसांचा असतो, एका माणसाचा नसतो, त्यामुळे तुमचे डॉक्टर आकडा देत नाहीत तेव्हा ते गणिताच्या दृष्टीनं प्रामाणिक वागतायत.

आता बाकीचं. डायलिसिसच्या युनिटमध्ये आमच्या आठ खुर्च्या. एखाद्या मंगळवारी एक रिकामी असते. कोणी काही विचारत नाही, सिस्टर त्या दिवशी जरा जास्त बोलतात. गुरुवारी तिथं नवीन माणूस. सुरुवातीला मी घरी येऊन दिवसभर बोलायचो नाही. आता त्या माणसाच्या घरी फोन करतो, नंबर घेऊन ठेवलेले आहेत सगळ्यांचे. त्यानं मला बरं वाटतं, का ते सांगता येणार नाही.

पण ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते हे. पहिल्या वर्षी माझ्या घरात एक गोष्ट झाली, माझ्यासमोर पुढच्या वर्षाचं बोलणं बंद झालं. नातीच्या शाळेचं, गावच्या घराच्या पत्र्यांचं, कशाचंच नाही. मी खोलीत आलो की विषय बदलायचा. आजारानं मला जितकं मारलं नाही तितकं त्यानं मारलं. मी अजून जिवंत होतो आणि घरानं मला पुढच्या कॅलेंडरमधून काढून टाकलं होतं. एक दिवस बायकोवर ओरडलो, की मी नसलो तर नसलो, पण पत्रे कुठले घालायचे ते मला विचारा.

ताई, तुमच्या आईला किलोचा हिशोब नको होता हो. तिनं विचारलं की पुढच्या वर्षात मी धरलेय का नाही. आणि तिघं गप्प बसलात. मी कठोर लिहितोय, पण त्या टीव्हीच्या आवाजात मला मीच दिसलो म्हणून राहवलं नाही.

सावलीताई, तुमच्या बाबांबद्दल वाईट वाटलं. पण मला वाटतं त्यांना टक्के सांगितले आणि पुढं काही विचारलं नाही. नुसतं २० टक्के सांगून माणसाला एकटं सोडलं तर कोणीही अंथरूण धरेल. आणि दहा किलो करूया असं खोटं बोलू नका, पेशंटला आवाजावरून कळतं. आम्ही दिवसभर तुमचे आवाजच ऐकत असतो.

घरभेट_सिस्टर:

सावलीताई, राग कशाला. तुम्ही म्हणता तसं मी पाहिलेलं आहे. म्हणून आम्ही सांगत नाही, आधी विचारतो. तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय काय माहीत आहे, अजून जाणून घ्यायचंय का, की ते मुलीला सांगितलेलं बरं? काही जण म्हणतात मला नको सांगू, माझ्या पोराशी बोला, तर तेही त्यांचंच उत्तर आहे आणि आम्ही ते मानतो. जेवढं दार उघडं तेवढंच आत जायचं.

दूरदेशी_धाकटा:

मी तुमच्या भावाच्या जागी आहे म्हणून त्याच्या वतीनं बोलतो. न्यू जर्सीत राहतो, आई साताऱ्याला होती, सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका आकसत जाण्याचा फुप्फुसाचा जुना आजार. "येऊ का आता" या प्रश्नाच्या मागं काय असतं माहितीय का, की मी चुकीच्या वेळी येईन आणि रजा संपेल आणि मग खऱ्या वेळी येता येणार नाही. मी असंच दीड वर्ष खऱ्या वेळेची वाट बघितली. आणि चिडणं पण त्यातूनच येतं, तिथं काही करता येत नाही तर निदान कुठली ट्रीटमेंट बंद होऊ नये एवढंच लांबून धरून ठेवता येतं. त्याला माफ करा.

माझी एक चुलत बहीण डॉक्टर आहे, ती मला म्हणाली, अरे तू अंत्यविधीसाठी रजा वाचवतोयस का आईसाठी? खूप लागलं ते. मग मी ठरवलं की शेवटाला गाठायचं नाही, आई बोलतेय तोवर जायचं. वर्षातून दोनदा, तारखा आधीच सांगून, तिकीट बदलता येईल असं, थोडं महाग पडतं. मधल्या दिवसांत रोज संध्याकाळी तिकडच्या वेळेनं मोबाईल ओट्यावर उभा करून ठेवायचा, बोलायचं काही नाही, ती लसूण सोलायची आणि मी सकाळची कॉफी करायचो. ती गेली तेव्हा मी विमानात होतो. पोचलो नाही. त्याचं दुःख आहेच, ते जाणार पण नाही. पण फेब्रुवारीचे तीन आठवडे माझ्याकडं आहेत, त्यात ती मला दुपारी झोपू द्यायची नाही इतकं बोलत होती.

भावाला "येऊ का" चं उत्तर देऊ नका. त्याला सांगा मे महिन्यात ये, आई चांगली असताना ये.

मिरजेचा_वायरमन:

माझा अनुभव सासऱ्यांचा, आयएलडी, म्हणजे तुमच्या आईच्या आजाराच्याच गटातला, तीन वर्षं घरात ऑक्सिजन होता. भावनिक लिहायला मला जमत नाही, मशीनचं लिहितो.

भाडं की विकत: आम्ही असं केलं की सहा महिन्यांचं भाडं आणि चांगल्या कंपनीच्या ५ लिटर मशीनची किंमत शेजारी मांडली आणि घेऊन टाकलं, कारण वापरलेलं मशीन नंतर कोणीतरी घेतंच, किंवा गावात एखाद्या मंडळाला देता येतं. त्यामुळे किती महिन्यांसाठी हा विचार मनात यायचं बंद झालं, पैशापेक्षा तो फायदा मोठा होता. आई चालताना ४ लागतो म्हणता तर ५ चं मशीन काठावर आहे, घेण्याआधी डॉक्टरांना विचारा १० लिटरचं लागेल का. फिल्टर आठवड्याला धुवा, पाण्याच्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी, नसेल तर उकळून गार केलेलं.

लाईट: ५ लिटरचं मशीन साधारण ३००-३५० वॅट ओढतं, घरचा साधा इन्व्हर्टर त्याला फार वेळ धरत नाही, त्यामुळे भरवशाला एक बी टाईप सिलिंडर ठेवाच. त्यात अंदाजे दीड हजार लिटर असतो, २ लिटरनं १२ तास, ४ लिटरनं ६ तास. रेग्युलेटर आणि पाना सिलिंडरलाच बांधून ठेवा, रात्री अंधारात पाना शोधताना माझे हात थरथरत होते ते अजून आठवतं. महावितरणच्या ऑफिसात अर्ज देऊन ठेवा की घरात ऑक्सिजनचा पेशंट आहे, आमच्या सेक्शनचा माणूस दुरुस्तीच्या दिवशी आधी फोन करायचा.

आणि एक कागदाचं. सासऱ्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं की मला व्हेंटिलेटर नको. सुप्रीम कोर्टानं २०१८ च्या मार्चमध्ये याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही चालते, आणि आपल्या वतीनं कोण बोलेल त्याचं नाव त्यात घालता येतं. ते इच्छामरणाचं इंजेक्शन वगैरे काही नाही, लोक गोंधळ करतात, फक्त उपयोग नसलेली मशीनं लावू नका एवढंच. तो कागद होता म्हणून आयसीयूच्या दारात माझी बायको आणि तिचे दोन भाऊ भांडले नाहीत. बाकी मास्तरांनी लिहिलंय ते बरोबर आहे.

कोझिकोडहून_परत:

मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही ११ वर्षं कोझिकोडला होतो, तिथं मी आठवड्यातून एक दिवस व्हॉलंटियर होते. तिथं १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली, त्यातून गल्लीगल्लीत लोकांचे गट उभे राहिले आणि २००८ मध्ये केरळ सरकारनं पॅलिएटिव्हचं धोरणच केलं, देशात पहिलं. आमच्या गटात रिक्षावाले होते, कॉलेजची मुलं होती, एक मासे विकणाऱ्या बाई होत्या. मी काय करायचे? नर्ससोबत घरी जायचे आणि सांभाळणारं जे माणूस असेल त्याला म्हणायचे, आता दोन तास मी बसते, तू बाहेर जाऊन ये. बस. कितीतरी बायका बाहेर जाऊन देवळाच्या पायरीवर नुसत्या बसून परत यायच्या.

आपल्याकडं मुंबईत बांद्र्याला शांती अवेदना हे हॉस्पिस १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह सेंटर १९९७ पासून, पण हे मुळात कॅन्सरच्या पेशंटसाठी सुरू झालेलं, फुप्फुसं, किडनी, हृदय यांच्या लोकांना पॅलिएटिव्ह हा शब्दच फार उशिरा ऐकायला मिळतो, ही मला मनापासून खुपणारी गोष्ट आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेळेवर चिठ्ठी दिली हे तुमचं नशीब समजा. ताई, तुमच्या पोस्टमध्ये आई आहे, भाऊ आहे, मशीन आहे, शाळा आहे. तुम्ही शेवटचं कधी दोन तास बाहेर गेलात? मावशींना बेळगावहून आठवडाभर बोलवा, आणि त्यांना पाहुणी म्हणून नका बोलावू.

पंचगंगेकाठची_लेक:

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचं सगळं वाचलं, काही पाच-पाच वेळा. मास्तर, तुमचं वाचून आधी राग आला, मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी आईजवळ बसले. सिस्टरांनी लिहिलंय तसं विचारायचं पाठ करून गेले होते आणि तोंडातून निघालं, आई त्या दिवशी आम्ही गप्प बसलो ते चुकलं. ती म्हणाली, "तुमाला काय बोलायचं ते कळंना, मला दिसलं की." मग बराच वेळ काही नाही. मग तिनंच सुरू केलं. तिला मरणाची भीती नाही म्हणाली, तुझे बाबा गेले तेव्हापासून अर्धी तिकडंच आहे, पण गुदमरून जायची भीती वाटते, रात्री झोप लागत नाही ती त्यासाठी, झोपेत दम गेला तर कोणाला कळायचं नाही म्हणून जागी राहते. दोन वर्षं मी समजत होते की तिला खोकल्यानं झोप येत नाही.

नळीचं पण तिनंच सांगितलं. मास्क चालेल, तो तिला सोसला होता. घशात नळी नको, हात बांधलेले नकोत, शेजारच्या बेडवरच्या माणसाचे बांधले होते ते तिनं बघितलेलं. आणि जमलं तर घरात, पुढच्या खोलीत, जिथून रस्ता दिसतो. मी वहीत लिहून घेतलं, नोटरीचं पुढच्या आठवड्यात करतोय. सावलीताई, ती अंथरुणाला नाही खिळली. उलट त्या रात्री तिनं मला पाय दाबायला लावले, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं.

टीमच्या सिस्टर येऊन गेल्या. मॉर्फिन अगदी थोडं सुरू केलं, पोट साफ व्हायच्या औषधासकट. चौथ्या दिवशी आई सलग पाच तास झोपली आणि मी मात्र तिच्या छातीकडं बघत जागी. सिस्टरांना सांगितलं तर त्यांनी मलाच बसवून चहा पाजला. हातातला पंखा ती पदराला अडकवून फिरते. निरांजन आता दारातल्या तुळशीजवळ लावतो.

भावाला मे मध्ये ये म्हटलं. तो म्हणाला का, काय झालंय, मी म्हटलं काही झालेलं नाही म्हणूनच ये. फोनवर गप्प झाला. तिकीट काढलंय १२ तारखेचं. त्याला अजून पॅलिएटिव्ह पटलेलं नाही, पण टीमच्या डॉक्टरांशी व्हिडीओवर अर्धा तास बोलला.

सगळं चांगलं चाललंय असं नाही. परवा रक्तातला ऑक्सिजन ८१ टक्क्यांपर्यंत गेला आणि माझ्या पोटात तोच नोव्हेंबरचा गोळा आला, वीस मिनिटांनी वर आला पण संध्याकाळपर्यंत माझे हात गार होते. रात्रीचा तो विचार अजून येतो. फक्त आता त्याच्यामागून लगेच शिव्या देत नाही स्वतःला.

चटणीचं. मी विचारलं, आई किती करायची? म्हणाली चार किलो मिरची. मी म्हटलं एवढी? तर म्हणाली, "दोन तुझ्या भावाला बांधून द्यायची, त्याला तिकडची तिखटच लागत न्हाई. एक मावशीला. एक आपल्याला, संपली तर परत कर की, तुला येतीया आता." ब्याडगी तीन आणि जवारी एक असं माप पण तिनंच सांगितलं. कांदा-खोबरं-मसाला भाजायचं काम मावशीकडं बेळगावला करणार, धूर आणि ठसका तिच्या जवळपास पण नको, डंकावर, म्हणजे चटणी कुटायच्या गिरणीत, मिस्टर घेऊन जातील. आई पुढच्या खोलीत बसून देठं काढणार म्हणतेय, मास्क लावून, दिवसाला थोडी थोडी. सिस्टरांना विचारलंय, त्या म्हणाल्या वाळल्या मिरचीची धूळ उडते, ओल्या फडक्यानं पुसून घेतलेल्या पाच-दहा तिच्या हातात द्या, बाकीच्या तुम्ही करा, तिच्यासमोर.

मिरच्या आणून गच्चीवर पोत्यात ठेवल्यात. उद्या ढगाळ आहे म्हणतात, उन्हात घालायच्या त्या परवा.